मामा तलावांची साखळी सांभाळायची तर: कामाचा क्रम, मापं आणि नेहमीच्या चुका

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या माजी मालगुजारी (म्हणजेच मामा) तलावांच्या, जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातल्या तलावांच्या, दुरुस्तीला निधी मिळतो, जेसीबी येतं, फलक लागतो. दोन-तीन पावसाळ्यांत तक्रारी मात्र त्याच: पाळ (तलावाचा मातीचा बांध) खचली, खालच्या तलावात पाणी पोचत नाही, मासे कमी झाले, टोकाची बांधी (धानाचं शेत) कोरडी. बहुतेक ठिकाणी कारण एकच असतं. काम एका तलावाचं होतं, पाणी मात्र साखळीचं असतं.

जंगलकाठच्या बोडीचा (छोट्या तलावाचा) सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट, वाहिला की ते पाणी नाल्यातून किंवा बांध्यांतून पहिल्या मोठ्या तलावात येतं, तिथून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात, आणि शेवटी चुलबंद, गाढवी यांसारख्या नदीवाटे वैनगंगेला मिळतं. वर काही केलं की खाली परिणाम होतो. म्हणून हा लेख एका तलावासाठी नाही, तीन ते दहा तलावांच्या एका साखळीसाठी आहे.

आधी क्रम पाठ करा: सांडवा आणि पाळ खालून वर, गाळ वरून खाली, येव्याची, म्हणजे तलावात पाणी येण्याची, वाट सर्वांत शेवटी. कारणं पुढे येतीलच. हा क्रम उलटला, तर चांगलं कामसुद्धा नुकसान करतं.

## १. आधीच्या पावसाळ्यात: साखळी डोळ्यांनी पाहा

उन्हाळ्यात तलाव पाहून आराखडा करणं ही पहिली चूक. कोरड्या नाल्यावरून पाणी कुठून येतं हे कळत नाही. तयारी कामाच्या आधीच्या जुलैमध्ये सुरू करा.

गाव नकाशे एकमेकांना जोडून घ्या. साखळी सहसा चार-पाच गावांच्या शिवारातून जाते, त्यामुळे एका गावाच्या नकाशावर ती कधीच पूर्ण दिसत नाही. त्या नकाशावर भर पावसात फिरून खुणा करा:

- प्रत्येक तलावात पाणी येण्याच्या सगळ्या वाटा, म्हणजे येवा. मुख्य नाला सगळ्यांना माहीत असतो. बाजूच्या दोन-तीन छोट्या वाटा सुटतात.
- सांडव्याचं पाणी पुढच्या तलावापर्यंत कुठून जातं आणि कुठे अडतं: नवा रस्ता, अपुरी मोरी, भरलेला नाला, नांगरलेला धुरा.
- प्रत्येक तुडुम (पाळीतून शेताला पाणी सोडायचं दगडी दार) आणि त्याखालचा पाट कुठवर चालू आहे.
- गावाचं सांडपाणी कुठे मिसळतं.

कोणत्या तलावाचा सांडवा कोणत्या तारखेला वाहू लागला, ते लिहा. वरचा तलाव जुलैअखेर वाहतो आणि खालचा सप्टेंबरातही भरत नाही, तर दोष खालच्या तलावात नाही, मधल्या वाटेत आहे. ही एक नोंद लाखोंचं चुकीचं खोदकाम वाचवते.

तपासणी: नकाशा घेऊन वरच्या बोडीपासून शेवटच्या तलावापर्यंत पाण्याच्या वाटेने चालत जा. मध्येच "इथून पुढे कुठे जातं कोण जाणे" असं म्हणायची वेळ आली, तर दुसरा टप्पा सुरू करू नका.

## २. कागद: मालकी वेगळी, हक्क वेगळे

१९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. म्हणून गावाचे हक्क संपले असं नाही. प्रत्येक तलावासाठी हे कागद एका फाइलीत ठेवा: तलावाचा आणि बुडीत क्षेत्राचा सातबारा, गाव नकाशा, निस्तारपत्रक (निस्तार म्हणजे गावाचा रोजचा वापर, त्याच्या हक्कांची नोंद), वाजिब-उल-अर्ज (गावातल्या जुन्या चालीरीतींची नोंद), आणि मासेमारीचा ठेका असल्यास त्याचा करार. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ चा आधार आहे. सिंचन, वाट आणि मासेमारीच्या जुन्या चालीरीती वाजिब-उल-अर्जात सापडतात. तंटा होतो तेव्हा आधी हाच कागद लागतो, आणि नेमका तोच कुणी काढलेला नसतो.

सिंचनक्षमता १०० हेक्टरपर्यंत असलेले तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात, त्यावरचे राज्याच्या विभागाकडे. एकाच साखळीत दोन्ही प्रकार असू शकतात. अर्ज चुकीच्या कार्यालयात दिला, की तो परत यायलाच एक उन्हाळा जातो.

परवानग्यांत चार ठिकाणी घोळ होतो.

जंगलातला येवा. येव्याची वाट वनजमिनीतून जात असेल, तर साफसफाईसाठीसुद्धा वनविभागाची लेखी संमती घ्या. वनहक्क कायदा २००६ मधल्या कलम ३(१)(ब) खाली निस्तार आणि ३(१)(ड) खाली पाणवठ्यातले मासे व इतर उत्पादनं यांवर सामूहिक हक्क मागता येतात. दावा झाला नसेल तर तो याच वेळी करा.

पेसा. गडचिरोलीच्या बऱ्याच भागात पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे आणि तिथे लहान पाणवठ्यांच्या व्यवस्थापनात ग्रामसभेचा कायदेशीर अधिकार आहे. भंडारा आणि गोंदिया अनुसूचित क्षेत्रात नाहीत. गडचिरोलीतल्या ठरावाचा नमुना गोंदियात चिकटवू नका.

पाणथळ नियम. "२०१७ च्या पाणथळ नियमांनी तलावाला संरक्षण आहे," असं अर्जात सर्रास लिहितात. त्या नियमांच्या व्याख्येतच सिंचनासाठी बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. मामा तलावाची बाजू या नियमांवर उभी केली, तर पहिल्याच सुनावणीत ती पडते. महसुली नोंदी, वनहक्क आणि जैवविविधता कायदा हे आधार जास्त भक्कम आहेत.

संरक्षित क्षेत्र. नवेगावबांधसारखा तलाव राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीशी जोडलेला आहे. तिथे वन्यजीव विभागाला विचारल्याशिवाय फावडंही लावू नका.

शेवटी भूमी अभिलेख कार्यालयाकडून बुडीत क्षेत्राची मोजणी करून घ्या आणि हद्दीचे दगड रोवा. अतिक्रमण काढणं हा वेगळा आणि लांबचा विषय आहे. पण मोजणीच नसेल, तर नवं अतिक्रमण रोखताही येत नाही.

## ३. माणसं: एका गावाची समिती पुरत नाही

प्रत्येक गावातून पाच जण घ्या: वरच्या टोकाचा शेतकरी, शेवटच्या टोकाचा शेतकरी, मासेमारी संस्थेचा एक सभासद, निस्तारासाठी तलाव वापरणारी एक बाई आणि ग्रामपंचायतीचा एक सदस्य. सगळ्या गावांचे मिळून साखळीचं एक मंडळ करा. त्यातल्या प्रत्येक गावाने तोच मजकूर असलेला ठराव ग्रामसभेत मंजूर करून घ्यावा. ठरावात निदान तीन गोष्टी हव्यात: सांडव्याची उंची मंडळाच्या संमतीशिवाय कुणी बदलणार नाही, उन्हाळ्यासाठी प्रत्येक तलावात किती पाणी राखायचं, आणि पावसाळ्यात तलाव कोण राखणार.

शेवटच्या टोकाचा शेतकरी आणि ढिवर समाजाचे मासेमार नेहमी सुटतात. पाणी कमी पडलं की आधी त्यांचंच जातं, त्यामुळे गडबड कुठे होते हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. त्यांना वगळून केलेला आराखडा कागदावर सुंदर दिसतो, एवढंच.

पाणीवाटपासाठी कायदेशीर चौकट हवी असेल, तर २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याखाली पाणी वापर संस्था नोंदवता येते. जैवविविधतेच्या कामासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असतेच, निदान कागदावर तरी. ती जागी करा. दहाव्या टप्प्यात ती लागणार आहे.

## ४. मापं: चार आकडे, सगळे एकाच पातळीवरून

प्रत्येक तलावाचे चार आकडे काढा: तुडुमाच्या तळाची पातळी, सांडव्याच्या माथ्याची पातळी, पाळीच्या माथ्यावरच्या सर्वांत खचलेल्या जागेची पातळी, आणि सांडव्याची लांबी. पातळ्या डम्पी लेव्हलने (उंचीतला फरक मोजायच्या दुर्बिणीने) घ्या. संदर्भाची खूण देवळाच्या जोत्यावर किंवा पक्क्या खडकावर करा. ती सांडव्यावर करू नका. सांडवा दुरुस्त झाला की खूणही जाते आणि जुने सगळे आकडे वाया जातात.

साठा. तलाव बशीसारखा असल्यामुळे क्षेत्र गुणिले खोली हा हिशेब फुगतो. भरलेल्या तलावाचं क्षेत्र गुणिले तुडुमाजवळची खोली गुणिले ०.४ असा ढोबळ हिशेब धरा. १० हेक्टरचा तलाव आणि ३ मीटर खोली असेल, तर साठा सुमारे १,२०,००० घनमीटर.

सांडव्याची क्षमता. सांडव्यावरून दर सेकंदाला जाणारे घनमीटर म्हणजे १.७ गुणिले लांबी गुणिले पाण्याच्या जाडीचा दीड घात. १० मीटर लांबीच्या सांडव्यावरून ६० सेंटिमीटर जाडीचं पाणी जात असेल, तर सेकंदाला सुमारे ८ घनमीटर. आता याच सांडव्यावर "थोडं पाणी जास्त साठवू" म्हणून ३० सेंटिमीटर उंच पोती रचा. पाळीची उंची तीच, म्हणजे वाहायला फक्त ३० सेंटिमीटर उरले. क्षमता २.८ घनमीटरवर येते, जवळजवळ एक तृतीयांश.

आता हेच आकडे पावसाशी ताडून पाहा. पाणलोट १ चौरस किलोमीटर, तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर सेकंदाला जवळपास ७ घनमीटर येवा. मोकळा सांडवा तो पेलतो. पोती रचलेला पेलत नाही; तलावात जागा उरली नसेल, तर उरलेलं पाणी पाळीवरून जातं, आणि मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की ती टिकत नाही.

इशारा: साखळीत वरची पाळ फुटली, तर खालच्या सांडव्याला ते पाणी पेलवत नाही. पोत्यांचा निर्णय म्हणूनच एका गावाचा नसतो.

मोजपट्टी. तुडुमाच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणा रंगवा. शून्य तुडुमाच्या तळाशी. पावसाळ्यात रोज, नंतर आठवड्यातून एकदा वाचन घ्या.

## ५. सांडवा आणि पाळ: खालून वर

फेब्रुवारीत सर्वांत खालच्या तलावापासून सुरुवात करा. वरचा तलाव आधी भक्कम केला आणि येवा मोकळा केला, तर पहिल्याच पुरात जास्तीचं पाणी खालच्या कमकुवत पाळीवर येतं.

सांडवा. माथा एका पातळीत आणा. एक कोपरा १० सेंटिमीटर खचला, तरी सगळं पाणी तिथूनच धावतं आणि तिथलीच माती खाते. खालच्या बाजूला पाणी आदळतं तिथे मोठ्या दगडांचं अस्तर द्या. सांडव्याच्या दोन्ही टोकांना, दगडकाम पाळीच्या मातीला भिडतं त्या सांध्यात, चिकणमाती ठोकून भरा. फुटायची सुरुवात बहुधा इथूनच होते. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर बारीक जाळी किंवा बांबूची ताटी लावायची प्रथा दिसते. पुरात पालापाचोळा तिच्यावर चिकटतो, ताटीची भिंत होते आणि परिणाम पोत्यांसारखाच. जाळी लावायचीच असेल तर ती मोठ्या आसाची, सांडव्यापासून मागे तलावात, तिरपी आणि काढता येणारी असू द्या. अतिवृष्टीचा इशारा आला की काढायची.

पाळ. काम या क्रमाने:

१. गवत-झुडपं खरवडून काढा, आणि खेकडे, घुशी, सायाळ यांची बिळं शेवटपर्यंत खोदून मोकळी करा. वरचं तोंड बुजवणं म्हणजे काहीच न करणं.
२. जुन्या उतारावर पायऱ्या कापा. गुळगुळीत उतारावर टाकलेली नवी माती पहिल्या पावसात घसरते.
३. माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत टाका, पाणी मारा, दाबा. ओलावा बरोबर आहे का? मुठीत आवळल्यावर गोळा व्हावा, पाणी सुटू नये.
४. माथा किमान २ मीटर रुंद. आतला उतार उंचीच्या दोन ते अडीचपट, बाहेरचा दुप्पट.
५. पुराच्या कमाल पातळीच्या वर किमान १ मीटर पाळ मोकळी राहिली पाहिजे, तीही सर्वांत खचलेल्या जागी.
६. आतल्या बाजूचं दगडी अस्तर परत बसवा, बाहेरच्या उतारावर हरळी किंवा वाळा लावा.

नेहमीची घोडचूक म्हणजे खोदलेला गाळच पाळीवर टाकणं. ठेकेदाराला ते सोयीचं असतं, वाहतूक वाचते. पण गाळ ओला झाला की फुगतो, वाळला की भेगाळतो, आणि त्यात कुजकं भरपूर असतं. पाळीला मिश्र माती लागते. गाळाची जागा शेतात.

पाळीवरची जुनी मोठी झाडं तोडायची घाई नको. झाड तोडलं की मुळं आत कुजतात आणि पाण्याला नळ्या तयार मिळतात. जुनं झाड राहू द्या, आजूबाजूला पाझर पाहत राहा, आणि नवी झाडं पाळीवर न लावता पायथ्यापासून दूर लावा. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला पाळच सापडते, हे दरवर्षीचं आहे.

तुडुम. जुनं दगडी तुडुम हा या तलावांचा खरा ठेवा आहे, आणि पाळीतली सर्वांत नाजूक जागाही. ते काढून सिमेंटचा पाइप टाकण्याआधी नीट विचार करा. दगड निखळले असतील तर आधी फोटो घ्या, प्रत्येक दगडावर नंबर टाका, मग उतरवा आणि चुन्याच्या मसाल्यात त्याच जागी बसवा. पाणी दगडांतून गळतंय की दगडकामाबाहेरून मातीतून, हे आधी ओळखा. मातीतून गळत असेल, तर नुसत्या दगडांमधल्या दरजा भरून भागत नाही; तिथली पाळ उघडून चिकणमाती थराथराने ठोकावी लागते. लोखंडी दार बसवायचं तर चाकाला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे हे ठरावात लिहिलेलं हवं.

तपासणी: एप्रिलअखेर सगळ्या तलावांच्या पातळ्या परत घ्या. एका जरी ठिकाणी १ मीटर मोकळी उंची मिळाली नसेल, तर त्या वर्षी सातवा टप्पा करू नका.

## ६. गाळ: वरून खाली, आणि सगळा नाही

वरचा तलाव साखळीचा गाळ अडवतो. तो भरलेला असताना खालचा उपसला, तर गाळ खाली येत राहतो आणि काम पुन्हा करावं लागतं.

आधी चाचणीचे खड्डे घ्या, हेक्टरी निदान दोन. काळा मऊ गाळ संपून घट्ट पिवळी किंवा चिकण माती लागली, की तिथे थांबायचं. ती माती म्हणजे तलावाचा तळ. ती फोडून मुरमापर्यंत गेलात, तर तलाव पाणी धरणार नाही. "जितकं खोल तितकं पाणी" या समजुतीने कित्येक तलाव गळके झाले आहेत.

पाळीच्या आतल्या पायथ्यापासून पाळीच्या उंचीच्या किमान पाचपट अंतर सोडा, जमल्यास दहापट. पाळ ४ मीटर उंच असेल तर २० ते ४० मीटर. पायथ्याशी खणलं की पाळ आत सरकते.

हिशेब आधी करा, नाहीतर काम अर्धवट राहील. १० हेक्टरवरचा ३० सेंटिमीटर गाळ म्हणजे ३०,००० घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटरचा, म्हणून सुमारे १०,६०० ब्रास, आणि ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावतो. दोन महिन्यांत इतक्या खेपा होतील का, रस्ता टिकेल का, गाळ घ्यायला शेतकरी आहेत का? "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेत गाळ शेतकऱ्याला मिळतो. पण शेतकऱ्यांची यादी आणि प्रत्येकाच्या ब्रासचा आकडा मार्चच्या आधी तयार हवा.

शेतात ५ सेंटिमीटरपेक्षा जाड थर टाकू नका. एकराला सुमारे ७० ब्रास पुरतात. जास्त टाकला की बांधीची पातळी चढते आणि पाटाचं पाणी तिच्यावर चढत नाही. गाळ घेतला आणि पाणी गमावलं, अशी तक्रार मग दुसऱ्या वर्षी येते.

तुडुमाच्या तळाखाली केलेला खड्डा सिंचनाच्या कामाचा नाही, तिथलं पाणी बाहेर येत नाही. तरी प्रत्येक तलावात एक-दोन डोह मुद्दाम ठेवा: मासे, गुरं आणि पक्षी मे महिना त्यावर काढतात. काठाचा उथळ भाग मात्र खोदू नका. पाणवनस्पती आणि पाणपक्ष्यांची जागा तीच. चारही बाजू उभ्या कापल्या की तलाव हौद होतो आणि गुरं आत अडकतात.

## ७. येवा मोकळा करणं: मेअखेर

पाचवा टप्पा पूर्ण झालेल्या भागातच. जुन्या वाटेची रुंदी आणि उतार ठेवा. जेसीबीने नाला सरळ आणि खोल केला तर पाणी वेगाने येतं आणि काठाची मातीही घेऊन येतं. वाटेत दर १०० ते २०० मीटरवर दगडांची बुटकी रांग घातली तर जाड वाळू तिथे बसते. तलावाच्या तोंडाशी गवताळ पट्टा राहू द्या. रस्त्याखालच्या मोऱ्या रिकाम्या करा. अडलेल्या येव्याचं कारण बऱ्याचदा बुजलेली मोरीच असते. गावाचं सांडपाणी येव्यात येत असेल, तर आधी ते वळवून शोषखड्ड्यात घाला.

## ८. बेशरम, पाणवनस्पती आणि मासे

बेशरम हे तलावात पसरणारं झुडूप. पाणी ओसरल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिल, ती मुळासकट उपटा. तिच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात. कापून तिथेच टाकलेली बेशरम म्हणजे लागवडच. उपटलेली झाडं उंच जागी पूर्ण वाळवा. ती गुरांना, विशेषतः शेळ्यांना विषारी आहे, म्हणून चराईच्या वाटेवर ढीग नको. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी फुटवे काढायला माणसं लागणार, हे पहिल्याच वर्षी अंदाजपत्रकात धरा. जलपर्णी दिसली तर पहिली दहा झाडं असतानाच काढा.

पाणवनस्पती. बेशरम निघाली की तळ उघडा पडतो आणि घट्ट असतो. उन्हाळ्यात ओल असताना तो हलका नांगरून घ्या. पाऊस पडून उथळ पाणी साचलं की पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सेराटोफायलम यांचे जुडगे चिखलात रोवा. त्याबाहेर कुमुदिनीसारख्या तरंगत्या पानांच्या, आणि काठाला देवधान (रानटी धान). रोपं त्याच साखळीतल्या निरोगी तलावातून आणा आणि एकेक मूळ पाहून घ्या, नाहीतर जलपर्णी सोबत येते. पहिले तीन-चार महिने गुरं त्या भागात येऊ देऊ नका.

मासे. रोहू, कतला, मृगळ तलावाच्या साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत, त्यांचं बीज आणून सोडावंच लागतं. मरळ, मागूर, शिंगी यांसारखे स्थानिक मासे पाणवनस्पती आणि उथळ पाणी असेल तर आपले आपण वाढतात. पहिल्या पावसात हे मासे सांडव्याच्या आणि बांध्यांच्या वाटेने वर चढतात. तेव्हा त्या वाटेवर जाळी आणि सापळे लावायचे नाहीत, असा ठराव करा आणि त्याची तारीख पहिल्या मोठ्या पावसापासून मोजा.

गवत्या म्हणजे ग्रास कार्प सोडू नका, तो लावलेल्या वनस्पती साफ करतो. तिलापिया एकदा आला की जात नाही. थाई मांगूर पाळायला बंदी आहे, आणि तो बोटुकलीत (माशांच्या बोटभर पिल्लांत) मिसळून येतो. बीज सोडण्याआधी पातेल्यात घेऊन जाणकार मासेमाराला दाखवा. साखळीत एका तलावात चूक झाली की पुढच्या पुरात ती सगळीकडे पोचते.

## ९. पाणी सोडणं

सांडवा वाहत असतानाच वाटपाची बैठक घ्या, पाणी कमी पडल्यावर नाही. धानाच्या एका फेरीला बांधीत ५ ते ७ सेंटिमीटर पाणी लागतं. गळती धरून हेक्टरी १,००० घनमीटर हिशेबात घ्या. वरच्या उदाहरणातल्या १,२०,००० घनमीटरपैकी एक तृतीयांश उन्हाळ्यासाठी राखले, तर ८०,००० उरतात, म्हणजे ४० हेक्टरला दोन फेऱ्या. एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवनानेच दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पातळी उतरते, महिन्याला जवळपास पाव मीटर किंवा थोडी जास्त. राखीव पाण्यात हेही धरलेलं हवं. उन्हाळी धानाला होकार देण्याआधी हा आकडा बैठकीत मोठ्याने वाचा.

पहिली फेरी शक्यतो निसवणीच्या (धानाच्या लोंब्या बाहेर पडण्याच्या) वेळी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात. पाणी शेवटच्या टोकापासून सुरू करा. टोकाला पोचलं म्हणजे वरच्यांना ते मिळणारच, उलट मात्र होत नाही. वरच्या तलावाने पाणी सोडण्याची तारीख खालच्या गावाला दोन दिवस आधी कळवायची.

## १०. वारसा स्थळाचा दर्जा: सर्वांत शेवटी

जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली राज्य शासन स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून जैविक वारसा स्थळ जाहीर करतं. गडचिरोलीतलं आलापल्लीचं जंगल २०१४ मध्ये, तर आंबोलीतलं हिरण्यकेशीचं पाणी एका छोट्या माशासाठी २०२१ मध्ये असं जाहीर झालं. साखळीसाठी हा मार्ग उपयोगी आहे, पण लोक तो पहिल्या दिवशी धरतात आणि कोऱ्या प्रस्तावासह परत येतात.

आधी जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत किमान एका पूर्ण वर्षाच्या नोंदी हव्यात: मासे स्थानिक नावांनी, पाणवनस्पती, हिवाळी पक्षी, आणि गोंदियाकडे सारसाची घरटी. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीत आणि तलावाच्या उथळ काठावर घरटं करतो. घरट्याची नेमकी जागा जाहीर नोंदीत लिहू नका आणि फोटोसाठी जवळ जाऊ देऊ नका. शेतकऱ्याशी बोलून तो तुकडा कापणीपर्यंत राखा.

प्रस्तावात साखळीतल्या सगळ्या ग्रामपंचायतींचे ठराव, साखळीचा नकाशा आणि मोजपट्टीची वही जोडा. निस्तार, सिंचन आणि मासेमारी पुढेही चालू राहील, हे प्रत्येक ठरावात स्पष्ट शब्दांत लिहा. ते नसेल तर "आता तलावावर बंदी येणार" ही अफवा पसरते आणि ग्रामसभा ठराव मागे घेते. पर्यटनाच्या बोटी, काठावरचा सिमेंटचा रस्ता आणि पाळीवरचे दिवे या मागण्या दर्जासोबत आपोआप येतात. बोटी डोहाच्या बाजूला ठेवा, उथळ काठ मोकळा ठेवा, आणि पाळीत खांबांसाठी खड्डे खणू देऊ नका.

## ११. दर पावसाळ्याची राखण

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक पाळीजवळ २०० रिकामी पोती, एक ट्रॉली वाळू, एक ट्रॉली गिट्टी, फावडी आणि बॅटरी ठेवा. अतिवृष्टीच्या रात्री दोघांनी मिळून पाळीचा बाहेरचा पायथा पाहायचा, माथा नाही. बिघाड पायथ्याशी आधी दिसतो.

पायथ्याशी स्वच्छ पाणी पाझरत असेल तर जागा खुणावून दर तासाला पाहा. गढूळ पाणी येत असेल तर पाळीतली माती वाहून चालली आहे. अशा वेळी बाहेरून भोक बुजवू नका. पाणी दुसरीकडून, जास्त जोराने फुटतं. भोकाभोवती पोत्यांचं गोल कडं करा, आत आधी वाळू, वर गिट्टी, वर दगड घाला, म्हणजे पाणी येईल पण माती अडेल. आतल्या बाजूला पाणी ओढणारा भोवरा दिसला, तर तिथे चिकणमातीची पोती सोडा. सुरक्षितपणे पोचता येत असेल तर तुडुम पूर्ण उघडून पातळी उतरवा, पण पाझर तुडुमाजवळच असेल तर तिकडे जाऊ नका. आणि हे सगळं सुरू करण्याआधी खालच्या प्रत्येक गावाला फोन करा. क्रमांक तुडुमाच्या भिंतीवर, मोजपट्टीशेजारी रंगवलेले असू द्या, कारण पावसाच्या रात्री मोबाइलमधली यादी शोधायला वेळ नसतो.